घाणा, सॉल्व्हंट आणि कायदा : उज्जैनीतल्या एका उखळाच्या निमित्ताने

आमच्या जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात एक दगडी उखळ आहे. अर्धं जमिनीत, अर्धं वर. लहानपणी त्याच्यावर चढून आम्ही पेरू काढायचो. मसाला कांडायचं उखळ असेल असंच आम्हाला वाटायचं, पण त्याचं तोंड एवढं रुंद की आत एक पोर आरामात बसेल. पुढे आजोबांनी सांगितलं, की हे कांडायचं उखळ नव्हे, हा तेलाचा घाणा आहे. वाड्याची मागची ओसरी एके काळी एका तेली कुटुंबाला भाड्याने दिलेली होती. भाडं रोख नव्हतं. घरातल्या देवापुढच्या दिव्याला आणि स्वयंपाकाला वर्षभर पुरेल एवढं तेल, हेच भाडं.

गेल्या वर्षी वाड्याची वाटणी झाली. मागच्या बाजूला नवीन बांधकाम व्हायचं आहे आणि हे उखळ मध्ये येतं. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारवालासुद्धा नेणार नाही हे." त्याचं खरंही आहे. म्हणून हा निबंध.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी घाण्याच्या बाजूचा माणूस नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं काढली. घाणा ज्यानं बाद केला असं सगळे म्हणतात, त्या यंत्राचा पगार मी खाल्ला. त्यामुळे "जुनं ते सोनं" असा हा निबंध होणार नाही. घाणा नेमका कशानं गेला, यंत्रानं, कायद्यानं की आणखी कशानं, एवढंच मला शोधायचं होतं.

घाणा चालायचा कसा

आपल्या नव्या पिढीने घाणा पाहिलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. दगडाचं किंवा लाकडाचं मोठं उखळ, त्यात तिरकी उभी असलेली लाकडी लाट, लाटेला जोडलेली आडवी दांडी, दांडीवर वजन म्हणून दगड, आणि दांडीला जुंपलेला बैल. बैलाला चक्कर येऊ नये, तो बुजू नये म्हणून डोळ्यांना झापडं. बैल फिरला की लाट उखळात फिरते आणि तीळ किंवा दाणे उखळाच्या भिंतीशी चेंगरले जातात. मध्येच थोडं पाणी शिंपडावं लागतं. तेल आणि पाणी एकमेकांचे वैरी, तरी पाण्याशिवाय तीळ तेल सोडत नाही, हे तेल्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. एक घाणा निघायला दीड-दोन तास लागत. खाली उरायची ती पेंड, गुरांसाठी.

आता प्रयोगशाळेच्या भाषेत. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असतं. घाण्यातून निघालेल्या पेंडीत शंभर भागांत दहा-बारा भाग तेल शिल्लक राहतं. एक्स्पेलरच्या पेंडीत सहा ते आठ, आणि सॉल्व्हंट प्लांटच्या पेंडीत एक किंवा त्याहूनही कमी. म्हणजे घाणा "कालबाह्य" ठरला तो या एका आकड्यावर. पेंडीत उरलेलं तेल म्हणजे तोटा, असं कारखान्याचं गणित. तेलाच्या घरातल्या बैलाला मात्र तीच पेंड खायला मिळत होती आणि त्यावर तो घाणा ओढत होता. तेल्याच्या हिशोबात तो तोटा नव्हताच.

कायदा जेव्हा घाणे मोजायचा

तेलावर नियम ही काही आजची गोष्ट नाही. गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातला एक ताम्रपट आहे, इ.स. ४६५ चा. सूर्यमंदिरातला दिवा कायम तेवत राहावा म्हणून एका ब्राह्मणाने तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली, त्याची त्यात नोंद आहे. हा "इंदोर ताम्रपट" पुष्कळ जण आपल्या शेजारच्या इंदूरचा समजतात. तसं नाही. ते इंदोर उत्तर प्रदेशात, बुलंदशहर जिल्ह्यात.

आपल्याला जवळचा पुरावा ग्वाल्हेरचा. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला इ.स. ८७६ चा शिलालेख शून्याच्या आकड्यासाठी जगप्रसिद्ध आहे, पण ग्वाल्हेरच्या तेल्यांनीही तिथल्या देवाला दान दिल्याची नोंद त्याच काळच्या लेखांत आहे. दर शुद्ध नवमीला प्रत्येक कोल्ह्यामागे, म्हणजे घाण्यामागे, एक पळी तेल. शून्य पाहायला जाणारे पुष्कळ. ही पळी फारसं कोणी पाहत नाही.

मराठेशाहीतही चौकट तीच राहिली. कारागिरांवर आणि दुकानदारांवर मोहतर्फा नावाचा कर असे, त्यात तेलीही येत. देवस्थानांच्या नंदादीपासाठी वेगळी तरतूद असे. १७३० नंतर राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपलं ठाणं केलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचं मंदिर पुन्हा उभं केलं, हरसिद्धीच्या अंगणात मराठी पद्धतीच्या दोन दीपमाळा उभ्या राहिल्या. त्या दोन्ही मिळून हजारावर दिवे आहेत. सगळे एकदम लागले की डोळे दिपतात. आपण त्या दीपमाळांचे फोटो काढतो, शिंद्यांचं नाव अभिमानाने घेतो. त्या हजार दिव्यांचं तेल कोणत्या घाण्यातून आलं, हे मात्र आपल्या लेखांत येत नाही. आपल्या मंडळाच्या आजवरच्या निबंधांतही आलेलं नाही. तेलीवाडा हे नाव शहरात अजून आहे, एवढीच त्याची खूण.

या सगळ्या नियमांत एक गोष्ट समान आहे. सत्तेचं मोजमाप घाणा होतं. घाण्यामागे तेल, घाण्यामागे कर. यंत्र आणि कायदा एकाच भाषेत बोलत होते.

रॉकेलनं भाषा बदलली

घाण्याला पहिला धक्का सोयाबीनने नव्हे, रॉकेलने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी रॉकेलचे डबे आले आणि घरातल्या दिव्यातून करंज, एरंडी, जवस यांचं तेल हळूहळू गेलं. १९०१ साली आसामात दिग्बोईची रिफायनरी सुरू झाली. देवापुढची समई तेवढी जुन्या तेलावर राहिली.

रॉकेलबरोबर नव्या जातीचा कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८९९ च्या पेट्रोलियम कायद्यात, ७६ अंश फॅरनहाइटच्या खाली ज्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते "धोकादायक पेट्रोलियम", अशी व्याख्या होती. इथे घाण्याची, माणसाची, जातीची मोजणी नाही. बाटलीतला नमुना घ्यायचा, उपकरणात तापवायचा, आकडा लिहायचा. माझा सगळा जन्म या भाषेत गेला, म्हणून मला तिचं मोल कळतं. रॉकेलमध्ये हलकं तेल मिसळलं तर दिवा हातात फुटतो. तो आकडा माणसं वाचवतो. पण यानंतर तेलाचा कायदा नमुन्याचा झाला आणि घाणा त्याला दिसेनासा झाला.

घाणा वाचवायचे प्रयत्न

घाणा वाचवायचा कोणी प्रयत्नच केला नाही असं नाही. १९३४ साली वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे जुन्या घाण्यावर प्रयोग झाले आणि एका बैलावर चालणारा, जास्त तेल देणारा "वर्धा घाणा" तयार झाला. घाण्यातही सुधारणा होऊ शकते, तो काही गोठलेला अवशेष नाही, हे मगनवाडीने दाखवून दिलं.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांच्या बाजूने अहवाल दिला. १९५६ च्या कायद्याने खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा पाया घातला. १९६७ साली काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखीव ठेवण्याची यादी सुरू झाली. पुढे त्या यादीत मोहरीचं आणि शेंगदाण्याचं तेलही होतं. पण कंसात तीन शब्द होते : सॉल्व्हंटने काढलेलं वगळून.

कायद्याने घाण्याच्या दाराला कुलूप लावून त्याचं रक्षण केलं खरं. पण पलीकडच्या भिंतीला दार होतं, आणि ते उघडंच राहिलं.

पीक बदललं

त्या दारातून आलं सोयाबीन. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल एवढा, की पुष्कळ शेतकरी खरिपात जमीन पडीक ठेवायचे आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यायचे. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने साठच्या दशकात सोयाबीनचे प्रयोग केले आणि हे पीक त्या पडीक खरिपात चपखल बसलं. १९७०-७१ साली देशभरात सोयाबीन सुमारे ३० हजार हेक्टरवर होतं. आज ते एक कोटी हेक्टरच्या वर आहे आणि त्यातला फार मोठा वाटा मध्य प्रदेशाचा. १९७९ साली सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची संघटना इंदूरला स्थापन झाली, १९८७ साली राष्ट्रीय संशोधन केंद्रही तिथेच आलं. उज्जैन, देवास, इंदूर या पट्ट्यात सॉल्व्हंट प्लांटच्या चिमण्या उभ्या राहिल्या.

आता मुख्य मुद्दा. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के. ते घाण्यात घालून बैल मरेपर्यंत फिरवला तरी हाती काही लागत नाही. ते काढायला हेक्झेन लागतं. सोयाबीनचे पातळ पोहे करायचे, त्यावर कोमट हेक्झेन सोडायचं, ते तेल विरघळवून घेतं, मग वाफेने हेक्झेन उडवून परत मिळवायचं. मागे उरतं ते कच्चं तेल. त्याला वास, रंग, डिंक, आम्ल. ते जेवणात चालत नाही. आधी डिंक काढायचा, मग कॉस्टिक सोड्याने आम्ल मारायचं, सक्रिय मातीने रंग ओढायचा, आणि शेवटी निर्वात टाकीत सव्वादोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसवर वाफ सोडून वास घालवायचा. याचं नाव रिफाइंड. आणि हे सगळं करायचं ते तेलासाठी नव्हेच मुळी. कारखान्याचा खरा पैसा पेंडीत, जी कोंबड्यांच्या खाद्यासाठी परदेशी जायची. तेल जवळजवळ जोडउत्पन्न.

घाण्यातलं तीळतेल मात्र गाळून, निवळून सरळ कढईत जातं. त्याला रिफायनरी लागत नाही. म्हणून माझा निष्कर्ष असा, की घाणा त्याच्याहून चांगल्या यंत्राने हरवला हे अर्धंच खरं. शेतातलं पीक बदललं, आणि नवं पीक घाण्याला पेलणारं नव्हतं. तीळ आणि जवस शेतातून मागे सरकले तेव्हाच आमच्या अंगणातलं उखळ कोरडं पडलं.

एका तेलावर दोन कायदे

सॉल्व्हंट प्लांट दोन कायद्यांच्या कात्रीत असतो. हेक्झेन हे पेट्रोलियम रिफायनरीत तयार होतं, आणि ते फार झटकन पेटतं. म्हणून त्याच्या साठवणीला १९३४ चा पेट्रोलियम कायदा लागू. परवान्याचा कारभार नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांकडे. दुसरीकडे तेल खायचं, म्हणून त्याला खाद्याचे कायदे. १९६७ च्या सॉल्व्हंट तेल नियंत्रण आदेशाचा गाभा असा, की असं तेल रिफाइंड केल्याशिवाय खाण्यासाठी विकायचं नाही. तयार तेलात हेक्झेन दहा लाख भागांत पाचांहून जास्त नको. मी रोज सकाळी हा आकडा पाहायचो. तो नियम कोणी जुना म्हणाला, तरी मी म्हणणार नाही.

दुसरा एक नियम मला फार आवडायचा. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती. चवीसाठी नव्हे. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळलं तर ते पकडता यावं म्हणून. तीळतेल असलं की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरालच्या चाचणीत लाल-गुलाबी रंग येतो. घाण्याचा तीळ कारखान्यात गेला, तो सरकारी साक्षीदार म्हणून.

आणि गंमत बघा. ज्या वनस्पती तुपाने घाण्याच्या तेलाला "गावठी" ठरवलं, ते स्वतःच आता बाजूला सरलं. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतात आणि ती हृदयाला वाईट, हे कळलं. २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आली. दुसऱ्याला जुनं ठरवणारं तंत्रही एक दिवस जुनं होतं.

१९९८

आता जे सांगायचं ते सांगितल्याशिवाय हा निबंध पुरा होणार नाही.

१९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत भेसळीचं मोहरीचं तेल खाऊन लोकांच्या पायांना सूज येऊ लागली. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल होतं. साठाहून अधिक माणसं गेली. त्याच सप्टेंबरात केंद्र सरकारने खाद्यतेल पॅकिंगचा आदेश काढला. सुटं तेल विकायचं नाही, पॅकिंग करणाऱ्याने नोंदणी करायची, आणि तेल तपासायला स्वतःची प्रयोगशाळा किंवा तशी पक्की सोय दाखवायची. राज्य सरकार सूट देऊ शकत होतं, पण बाजारात बातमी पसरली ती एवढीच : सुटं तेल बंद.

त्या दिवसांत एक गृहस्थ माझ्याकडे आले. आमच्या ओसरीवर ज्यांचा घाणा होता त्यांचे नातू. बैल केव्हाच गेला होता. ते एका लहान एक्स्पेलरवर तीळ आणि मोहरी काढून गल्लीतल्या लोकांना सुटं विकायचे. पिशवीतून एक बाटली काढून ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही तेलाचे साहेब. यात धोत्रा आहे का तेवढं सांगा." मी दुसऱ्या दिवशी तपासलं. नायट्रिक आम्लाची चाचणी केली, फेरिक क्लोराइडचीही केली. तेल स्वच्छ होतं. आमच्या टाकीतल्या तेलाला वास घालवण्यापूर्वी जो वास येतो, त्याच्या मानाने ते फुलासारखं होतं.

मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "लिहून द्याल?" मी नोकरीत होतो. खासगी कागदावर माझी सही, तिला किंमत शून्य. आणि कारखान्याच्या कागदावर मी ती देऊ शकत नव्हतो. मी नाही म्हणालो. त्यांनी बाटली तिथेच ठेवली, म्हणाले "घरी वापरा", आणि गेले. दिवाळीपर्यंत त्यांचं दुकान बंद झालं. पुढे ते तेलाच्या पॅकबंद पाऊचचे विक्रेते झाले. त्यांत आमच्या कारखान्याचेही पाऊच होते.

नियम चूक होता का? मला तसं म्हणवत नाही. साठ माणसं मेली होती, आणि सुट्या तेलात कोणी काय मिसळलं हे शोधायला मार्ग नव्हता. पण गुन्हा एकाचा आणि नियम सगळ्यांना असं झालं. प्रयोगशाळा हवी म्हणायचं, तर गल्लीतल्या तेल्यानं नमुना घेऊन जावं अशी एखादी सरकारी प्रयोगशाळा परवडेल अशा दरात उघडायला हवी होती. ८७६ सालच्या शिलालेखात प्रत्येक घाण्याची नोंद आहे. १९९८ च्या आदेशात तो घाणा कुठेच बसत नव्हता.

पुढचं थोडक्यात. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने १९४७, १९६७ आणि १९९८ चे तिन्ही तेल-आदेश रद्द करून सगळे नियम एका छताखाली आणले. अंमल २०११ पासून. एप्रिल २०१५ मध्ये राखीव यादीतल्या शेवटच्या वीस वस्तूही मोकळ्या झाल्या. लोणची, पाव, मेणबत्त्या, उदबत्त्या यांच्याबरोबर मोहरीचं आणि शेंगदाण्याचं तेलही त्यात होतं. घाण्याच्या दाराचं कुलूप निघालं, तोवर आत कोणी उरलं नव्हतं.

आणि आता पुण्या-मुंबईत, आमच्या उज्जैनीतही, "लाकडी घाण्याचं तेल" म्हणून दुकानं निघाली आहेत. मोटरवर फिरणारा घाणा, काचेमागे, दर रिफाइंडच्या दुप्पट-तिप्पट. मी तिथून तीळतेल आणतो. चांगलं असतं. विकणारे बहुतेक तेली नाहीत.

एक विनंती

मुलाशी बोललो. उखळ सध्या राहू देणार आहे. पाया चार हात सरकवता येतो का ते बघतो म्हणाला. पण शहरात रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरं पडत आहेत, आणि अशी उखळं मलब्यात जात आहेत. पाटा-वरवंटा समजून किंवा दगड समजून.

तेव्हा मंडळाच्या सभासदांना आणि वाचकांना विनंती, की तुमच्या वाड्यात, गल्लीत, शेतावर असं उखळ असेल तर फोटो काढा. तोंडाचा व्यास आणि खोली मोजा, दगड की लाकूड ते लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते कोणत्या घराचं होतं हे विचारा. आपण वाड्याच्या मालकाचं नाव लिहितो. या वेळी भाडेकऱ्याचं लिहू या. आमच्या उखळाची नोंद मी पहिली केली आहे. तोंडाचा व्यास दोन फूट एक इंच. ज्यांचा घाणा होता त्यांच्या नातवाला फोन करून विचारलं, नाव घालू का? ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, या वेळी लिहून देताय का?"

हो म्हणालो.